मुसल्लह मेस्त्री

पाच आठवड्यांपूर्वीची गोष्ट. कुवेतमध्ये, जाब्रियातल्या आमच्या क्लिनिकमध्ये एका पेशंटचा खांदा माझ्या हातात होता आणि टेबलावरचा फोन दोनदा थरथरला. पाहिलं तर सुलोचनाकाकींचा व्हॉइस मेसेज. काकी म्हणजे आमच्या दत्ताराम मेस्त्रींच्या पत्नी, कुडाळजवळच्या एका गावी राहतात. रोज सकाळी काही ना काही पाठवायची त्यांना सवय लागली होती. कधी भाजीला किती भाव झाला, कधी शेजारणीच्या सुनेची तक्रार. म्हणून मी खांदा आटोपला, हात धुतले, चहा घेतला आणि मग निवांत ऐकायला बसले. काकींचा आवाज नेहमीसारखाच होता. "बाय गो, काल सकाळी हे गेले. न्हावान इले, पेज जेवले, खळ्यात खुर्चयेर बसले नि... बसलेलेच ऱ्हवले. तू रडा नको. तुका पेशंट आसतीत."

रडले, खोटं कशाला सांगू. पण पाच आठवडे झाले, आता कागद घेऊन बसले आहे तर सुतकी काही लिहावंसं वाटत नाही. मेस्त्री हरून गेले असते तर तसं लिहिलं असतं. माझ्या ओळखीत इतकं जिंकून गेलेलं माणूस दुसरं नाही, आणि तो विजय मी माझ्या हाताने जवळजवळ मातीत घातला होता. तेही लिहायला हवं. लेख मेस्त्रींवर आहे, माझ्या अब्रूवर नाही.

ओळख झाली सहा वर्षांपूर्वी. क्लिनिकच्या दारात व्हीलचेअरसाठी काँक्रीटचा उतार करायचा होता. ठेकेदाराने चार माणसं पाठवली, त्यात हे एक वयस्क, सडपातळ, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेले. काँक्रीट ओतायच्या आधी लाकडाच्या फळ्यांचा साचा उभा करतात, त्याला शटरिंग म्हणतात, ते त्यांचं काम. मी आत पेशंट बघत होते आणि खिडकीतून मला दिसत होतं की हा माणूस हातोडा उजव्या हाताने मारतो, पण हात खांद्याच्या वर नेत नाही. उंच खिळा आला की स्टुलावर चढतो. मी मूळची नांदेडची. आमच्याकडे विचारून मदत करायची पद्धत नाही. बाहेर गेले, हिंदीत दरडावलं की हातोडा ठेवा आणि आत चला. ते मराठीत म्हणाले, "साहेब वरडतलो." मी म्हटलं, साहेबाला मी ओरडते. खांदा पार आखडला होता. पुढचे चार महिने ते दर आठवड्याला येत राहिले. मी फिजिओथेरपिस्ट आहे हे शंभरदा सांगूनही त्यांनी मला कायम डॉक्टरीणबाईच म्हटलं. फी घेणार नाही म्हटल्यावर दर शुक्रवारी सकाळी शर्कच्या मासळीबाजारातून बांगडे, कधी सुरमई, साफ करून, मीठ लावून दाराशी. आमच्या घरात मासे करायची अक्कल त्याआधी कुणालाच नव्हती, ती त्यांनी दिली.

उतार पूर्ण झाला त्या दिवशी त्यांनी फळ्या उखडल्या, खिळे सरळ करून डब्यात टाकले आणि मागे वळूनही न बघता निघाले. मी म्हटलं, अहो, छान झालाय की. तर म्हणाले, "हां, पण तो सिमेंटवाल्याचो. आमचां काम उचलून घेवन चललंव." बोलण्यात दुःख बिःख काही नव्हतं. तीस वर्षांत कुवेतमध्ये किती पूल, किती टाक्या, किती इमारती त्यांच्या साच्यात उभ्या राहिल्या असतील, आणि प्रत्येक ठिकाणाहून ते स्वतःचं काम उखडून गाडीत घालून निघून गेले होते.

त्यांची खोली मिरकाबमधल्या एका जुन्या इमारतीत, पाच जणांत एक, सगळे सिंधुदुर्गातले. मी एकदा औषध द्यायला गेले तेव्हा त्यांच्या पलंगाच्या वर भिंतीला टांगलेलं कॅलेंडर पाहिलं. अकरा वर्षं जुनं आणि ऑगस्टवरच थांबलेलं. चित्रात अंगावर येणारे डोंगर, खाली नदी, नदीवर वळण घेत जाणारा रेल्वेचा पूल, आणि डोंगराच्या पोटात एकावर एक तीन मजल्यांवर रूळ. दक्षिणेकडच्या एका रिफायनरीच्या साइटवर रामोन नावाचा मेक्सिकन इंजिनिअर होता, त्याने निवृत्त होऊन घरी जाताना ते दिलेलं. उत्तर मेक्सिकोत समुद्रकाठच्या सपाटीवरून निघून गाडी दऱ्याखोऱ्यांतून वर चढते, शहाऐंशी बोगदे आणि सदतीस पूल ओलांडते, हे सगळं रामोनने त्यांना हातवारे करून समजावलं होतं. मेस्त्रींचं मूळ रेल्वेतलं. कोकणात गाडी यायची होती तेव्हा बोगद्यांच्या शटरिंगवर त्यांनी उमेदीची वर्षं घातलेली. लग्न झालं, वर्षभरात कुवेतचा व्हिसा आला, आणि गावात पहिली गाडी धावली तेव्हा हे इथे वाळूत. इथे तर रूळ नावाची गोष्टच नाही. रेल्वेच्या माणसाने तीस वर्षं अशा देशात काढावीत जिथे रेल्वे नाही, ह्यावरून मी त्यांना फार छळायचे. ते म्हणायचे, "म्हणानच कॅलेंडर लावलंय."

मग दीडेक वर्षापूर्वी, पुन्हा धरलेला खांदा शेकता शेकता खरं बाहेर आलं. त्या गाडीतून त्यांना काकींना न्यायचं होतं. मी म्हटलं, मेस्त्री, तुमच्या दारात रेल्वे आहे, तीतून न्या. त्यांनी मान हलवली. गावच्या गाडीत ती बाजूला बसतच नाही, म्हणाले, सामानावर नजर ठेवून असते, आणि उतरल्यावर कुणाचं तरी लग्न नाहीतर बारावं असतंच. आणि बोगदा आला की माणसं झोपतात. मग भिंतीकडे बघत, "माका तिका एक आख्खो दिवस बाजूक बसवन न्हेवचा हा. खय उतराक नको, कोणाकडे जावक नको." लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. दोन वर्षांनी एकदा महिनाभराची रजा, तीही साइट सोडेल तेव्हा. मुलाच्या बारशाला येतो म्हणाले, नाही आले. सासू गेली, नाही आले. घराच्या वास्तुशांतीला काकी एकट्याच पाटावर बसल्या, शेजारी सुपारी ठेवून. चार वेळा तारीख सांगून मोडलेली होती, आणि चारही तारखा त्यांना पाठ होत्या.

मेस्त्रींनी काकींना फोनवर विचारलं तर उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं. तीस वर्षांत कुडाळच्या बाजाराला न्यायला वेळ मिळाला नाही आणि आता मेक्सिको? मी मध्ये पडले, तासभर वाद घातला आणि हरले. नांदेडचा माणूस मालवणी बाईशी वाद घालून जिंकत नाही हे तेव्हा कळलं. शेवटी माझी मुलगी रेवा, तेव्हा सोळा वर्षांची, घरात मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी, तिने त्या गाडीचा एक व्हिडिओ काकींना पाठवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी एकच अट घातली. "येतंय. पण थयसून परत कुवेत नाय. थयसून सरळ घराकडे." मेस्त्रींनी शब्द दिला. नेमकं त्याच महिन्यात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं आणि कंपनी आणखी दोन वर्षांसाठी थांबवून घ्यायला बघत होती. त्यांनी साहेबाला सांगितलं की व्हिसा हातात आला की उत्तर देतो. काकींच्या व्हिसाचा अर्ज मुलाने तिकडे भरला. व्यवसाय, गृहिणी. आठवड्यात व्हिसा आला. सोबतीला रेवा आणि मीही निघणार होतो, आमचे व्हिसे आधीच हातात होते.

मेस्त्रींचा अर्ज मी भरला. आता इथे माझी अब्रू. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. त्यांनी मला लहानपणी ती लिपी शिकवली आणि त्या जोरावर मी कुवेतमध्ये अरबी पाट्या, अरबी बिलं, अरबी नोटिसा येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवत असते. सगळे वाहवा करतात. मेस्त्री म्हणाले की वर्क परमिटचं भाषांतर मिरकाबच्या टायपिंग सेंटरमधून करून आणतो. मी म्हटलं, तिकडे कशाला रांग लावता, मी आहे ना. परमिटवर धंद्याच्या रकान्यात दोनच शब्द होते, नज्जार मुसल्लह. नज्जार म्हणजे सुतार, हे मला ठाऊक. आणि मुसल्लह? आजोबांच्या उर्दूत मुसल्लह म्हणजे हत्यारबंद. मुसल्लह फौज. मी क्षणभर थबकले, खरंच थबकले. मग वाटलं, हातोडा, करवत, रंधा... हत्यारंच की. सुताराच्या हत्यारांना आपणही हत्यारंच म्हणतो. म्हणजे स्वतःची हत्यारं बाळगणारा सुतार. मी ठळक अक्षरांत लिहिलं, आर्म्ड कार्पेंटर. वर मेस्त्रींना ऐकवलं की बघा, तुमचा हुद्दा किती भारदस्त आहे.

मेक्सिकोच्या वकिलातीत मुलाखतीला मला बाहेरच बसवलं. मेस्त्री आत गेले, दहा मिनिटांत हसतमुखाने बाहेर आले. बाई फार चांगली होती म्हणाले. काय विचारलं? तिने विचारलं की तुमच्याकडे आर्म्स आहेत का. मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलं? आता त्यांना तो शब्द कुठून माहीत, तर माझ्याकडून. चार महिने मी त्यांना, रेज युअर आर्म, आर्म वर, आर्म खाली, असं इंग्रजीत करायला लावलेलं. त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं होतं, "यस मॅडम. टू आर्म्स. व्हेरी स्ट्राँग." कशासाठी वापरता? "वर्क. थर्टी इयर्स." डावा हात पण चांगला आहे, हेही सांगून आले होते.

आठवड्याने पत्र आलं. शस्त्रांबद्दल लेखी खुलासा, पोलिसांचा दाखला, अर्ज पुढच्या चौकशीसाठी राखून ठेवला आहे. मी ते क्लिनिकमध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि मिरकाबच्या टायपिंग सेंटरला गेले, जिथे मेस्त्रींना जाऊ दिलं नव्हतं. काउंटरवरच्या माणसाने परमिट बघितलं आणि सहज सांगितलं, बाई, काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या घालतात ना, त्याला इथे मुसल्लह म्हणतात, सळ्यांनी सज्ज झालेलं. हा शटरिंग कार्पेंटर. इथे असे शेकडो आहेत. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. गाडीला सतरा दिवस राहिले होते. काकींचं मुंबईहून इस्तंबूलचं तिकीट निघालेलं, आणि तिथून पुढचं आमच्याबरोबरचं. साहेब रोज विचारत होता की सही करताय का. व्हिसा नाही म्हणजे गाडी नाही, आणि गाडी नाही म्हणजे मेस्त्रींनी घरी पाचवी तारीख मोडली. सहावी सांगायला ते धजले नसते आणि ऐकायला काकी थांबल्या नसत्या. दोन वर्षांच्या कागदावर सही करून ते पुन्हा त्या पलंगावर जाऊन बसले असते. हे सगळं मला त्या काउंटरवर लखलखीत दिसलं.

त्यांच्या खोलीवर गेले आणि सांगितलं. आयुष्यात मी चूक कबूल केल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मावतील, हा त्यातला सगळ्यात अवघड. शब्दाचा अर्थ सांगितला, माझा अर्थ सांगितला, दोन्हींमधला फरक सांगितला. ते पलंगावर बसून ऐकत होते. मला वाटलं आता शिव्या देतील, द्यायलाच हव्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "सिमेंट ओतल्यानी काय?" मला कळेना. ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, फळी चुकीची लागली तर सिमेंट ओतीसर ती काडूक येता. ओतल्यार मगे नाय. बाईन अजून शिक्को मारूक नाय ना? मगे चला. फळी काडुया."

दुसऱ्या दिवशी टायपिंग सेंटरचं भाषांतर घेतलं, कंपनीचं पत्र घेतलं आणि आम्ही पुन्हा वकिलातीच्या खिडकीपाशी जाऊन बसलो. तीन वेळा परत पाठवलं, चौथ्यांदा दोघांना आत घेतलं. मी बाईला सांगितलं की चूक माझी आहे, ह्यांची नाही, आणि सगळी कथा सांगू लागले, आजोबांपासून. तिला अर्धवट हसू येत होतं, पण पटलं होतं असं वाटेना. मेस्त्रींनी माझ्या दंडाला हात लावून मला थांबवलं. त्यांनी तिच्याकडे पेन्सिल आणि खोडरबर मागितलं आणि माझ्याच खुलाशाच्या मागे चित्र काढायला घेतलं. बोगद्याची कमान. कमानीखाली फळ्या, फळ्यांखाली तिरप्या वाशांच्या कैच्या, कैच्यांखाली टेकू, टेकूखाली पाचरा, एकेक रेघ सावकाश. मधे मधे इंग्रजी, "धिस वुड. धिस मी." मग कमानीत काँक्रीट भरलं म्हणून पेन्सिल आडवी धरून छायांकन केलं. मग खोडरबर घेतलं आणि पाचरा खोडल्या, टेकू खोडले, कैच्या खोडल्या, फळ्या खोडल्या. नुसती कमान राहिली. "धिस स्टँड," ते म्हणाले. "मी गो." बाईने तो कागद उचलला, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दाखवला, दोघं आपसात स्पॅनिशमध्ये बोलले. मग तिने विचारलं की एवढ्या लांब त्याच गाडीत का बसायचं आहे. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मेस्त्रींनी आधीच दिलं, "वाइफ. वन डे, साइड बाय साइड." रविवारी पासपोर्ट न्यायला या म्हणाली. कागद मात्र तिने परत दिला नाही.

रविवारी शिक्का घेऊन ते बाहेर आले ते सरळ कंपनीत गेले आणि साहेबाला नाही म्हणून सांगितलं. तीस वर्षांत त्या माणसाने साहेबाला दिलेला तो पहिला नकार. संध्याकाळी मिरकाबच्या खोलीत खीर झाली आणि आम्हाला डबा आला.

इस्तंबूलला काकी आमच्या आधी तीन तास पोहोचल्या होत्या. जन्मात कधी विमानात न बसलेली बाई एकटी आलेली, मेस्त्री विमानभर जपमाळ ओढल्यासारखं तेच तेच म्हणत होते की ती घाबरली असेल. काकी एका बाकावर मांडी घालून बसल्या होत्या, शेजारी दोन तुर्की बायका, आणि तिघींच्या हातांत काकींच्या डब्यातले तांदळाचे लाडू. मेस्त्रींना बघून त्या उठल्या नाहीत. "इलास?" एवढंच म्हणाल्या. मेस्त्री म्हणाले, "इलंय." बस. मी बाजूला होऊन डोळे पुसले, रेवाने माझा फोटो काढला, तो तिने अजून पुसलेला नाही.

गाडी लोस मोचिस नावाच्या गावातून सकाळी सुटते. काकींनी त्याचं लगेच मोच्याचो गाव करून टाकलं. आधी सपाट शेतं, ऊस, आंब्याची झाडं, दमट हवा. मेस्त्री म्हणाले, हे कोकण. मग डोंगर जवळ येऊ लागले, पूल आले, पहिला बोगदा आला, हवा थंड झाली. मेस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तुमचो मुलूख सुरू. घाटी लोक सांभाळा." काकी खिडकीशी, मेस्त्री त्यांच्या बाजूला, आम्ही मायलेकी समोर. ते बोगदे मोजत होते, बोटांच्या पेरांवर. प्रत्येक बोगदा आला की गाडी अंधारात शिरायची आणि बाहेर पडली की आधीपेक्षा मोठी दरी. काकी पहिले दोन तास काही बोलल्या नाहीत. मांडीवर पिशवी घट्ट. मला धाकधूक, की एवढं सगळं करून बाई रुसलेलीच राहते की काय. मेस्त्री मात्र निवांत. बाजूला बसली होती ना, त्यांचं काम झालं होतं.

तेमोरिसच्या जवळ ते कॅलेंडरचं चित्र समोर आलं. तोच पूल, तेच तीन मजले रूळ. गाडी डोंगराच्या आत शिरते आणि आतल्या आत पूर्ण वळून उलट्या तोंडाने बाहेर येते, एक मजला वर. मेस्त्री उठून उभे राहिले, दोन्ही हात वर, खांद्याच्या कितीतरी वर, आणि मी माझा पेशंट बघत बसले. पुढे एका ठिकाणी समोरून मालगाडी यायची होती म्हणून आमची गाडी थांबली, लोक पाय मोकळे करायला उतरले. रुळांच्या कडेला डोंगर अडवायला बांधलेली काँक्रीटची जुनी भिंत होती. बाकी सगळे दरीकडे बघत होते, मेस्त्री दरीकडे पाठ करून भिंतीपाशी गेले आणि तिच्यावरून हात फिरवू लागले. मग त्यांनी काकींना हाक मारली. त्यांचा हात धरला, माझ्यासमोर पहिल्यांदाच, आणि तळवा भिंतीवर टेकवला. काँक्रीटवर लाकडाच्या रेषा उमटलेल्या होत्या. फळीच्या नसा, गाठी, दोन फळ्यांमधली फट, सगळं जसंच्या तसं. "ह्यो फळयेचो डाग," ते म्हणाले. "सिमेंट सगळा लक्षात ठेवता. हय कोणतरी मेस्त्री होतो." इतकी वर्षं त्यांनी मला सांगितलं होतं की आपलं काम उचलून नेतो, काही उरत नाही. हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. बहुधा त्यांना तरी ते त्या भिंतीपाशीच पटलं.

काकींनी हात काढला नाही. रेषांवरून बोटं फिरवत त्यांनी विचारलं, "तुमचे खय आसत?"

"घराकडे. स्टेशनाच्या अलीकडे मोरी आसा, रुळांखालसून वाट जाता ती. ती माझी. लग्नाच्या वर्साची."

काकी वळल्या. "त्या मोरयेखालसून तीस वर्षां मी बाजाराक जातंय. कधी सांगूक नाय तुमी?"

"तू इचारूक नाय."

मालगाडी आली, धडधडत गेली, डबे संपता संपेनात. त्या आवाजात काकी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण बरंच काही बोलल्या आणि मेस्त्री मान खाली घालून ऐकत होते. गाडीत परत चढल्यावर पिशवी वरच्या फळीवर गेली. मग काकी थांबल्याच नाहीत. हा बोगदा किती दिवसांचा असेल, आत पाणी गळतं तेव्हा काय करता, कमान पडत कशी नाही. तेहतीस वर्षांचे प्रश्न त्यांनी त्या दुपारी विचारून घेतले. दिविसादेरोला, जिथे सगळी दरी पायाखाली उघडते, तिथे बायका पत्र्याच्या पिंपांवर मक्याच्या जाड भाकऱ्या भाजून त्यात भाजी भरून देतात. काकींनी एक चुलीजवळ बसून खाल्ली, थापायला मागितली, आणि ती बाई हसेपर्यंत सोडलं नाही. रेवा दरीचे फोटो काढून दमली. शेवटी तिने कॅमेरा आत वळवला, आणि आमच्याकडे त्या प्रवासाचा जो एकच चांगला फोटो आहे त्यात दरी नाहीच. मेस्त्री बोलत आहेत, काकी त्यांच्याकडे बघत आहेत, आणि खिडकीबाहेर काळाकुट्ट बोगदा. चिवावाला उतरलो तेव्हा मेस्त्रींच्या मोजणीत पंच्याऐंशी बोगदे भरले. एक कुठे निसटला म्हणून ते हळहळत होते. काकी म्हणाल्या, तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलत होता.

शब्द दिल्याप्रमाणे ते तिथून सरळ घरी गेले. अकरा महिने राहिले. तेहतीस वर्षांत सलग इतके महिने त्यांनी एका घरात पहिल्यांदाच काढले, आणि काकींच्या तक्रारींवरून सांगते, ते फार सुखाचे गेले. मेस्त्री स्वयंपाकघरात लुडबुडतात, मेस्त्री काकींना एकटीने बाजाराला सोडत नाहीत, मेस्त्री मोरीपाशी थांबून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोगदे सांगत बसतात. रोज सकाळी नवी तक्रार, आणि मी त्या जाब्रियाच्या सिग्नलला ऐकत हसत बसायचे. एवढं मिळवायला कोणी तीस वर्षं थांबावं का, असं मला विचाराल तर नाही म्हणेन. पण ते मिळवल्याशिवाय गेले नाहीत, आणि हे मी उंच आवाजात सांगणार.

गेल्या शुक्रवारी काकींचा व्हिडिओ कॉल आला. बाराव्यानंतर काही दिवस त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, आता पुन्हा बाजाराला जाऊ लागल्या आहेत. मोरीच्या आत उभ्या होत्या, खांद्याला पिशवी, फोन भिंतीच्या इतका जवळ धरलेला की मला नुसतं करडं काही दिसत होतं. मी म्हटलं, काकी, थोडा लांब धरा. मग रेषा दिसल्या, फळीशेजारी फळी, सगळ्या आडव्या. काकींचं बोट त्यांवरून सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. तिथे मधेच वीतभर एक तुकडा उभा लागलेला होता.

"हय बघ," काकी म्हणाल्या. "सगळ्यो आडयो नि हीच एक उभी. फळी कमी पडली आसतली, म्हणान ठोकल्यानी तशीच. अकरा म्हयने माका हय उभी करून सगळा सांगल्यानी, पण ह्या काय सांगूक नाय." त्या मोठ्याने हसल्या. "चूक लपवल्यानी माझ्यापासून. पण मी सोदून काडलंय बघ."

मी काही बोलणार तेवढ्यात वरून गाडी आली. सगळी मोरी थरथरली, फोनमध्ये नुसता खडखडाट झाला, आणि त्या आवाजात काकी हसत हसत त्या उभ्या फळीवर तळवा टेकवून उभ्या राहिल्या.